अडकलेला सेल्फ

चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, एवढ्यावरून काहीच कळत नाही. मोटर नुसतीच घुर्र करून मोकळी फिरली, सलग टकटक ऐकू आली, की एकच ‘टक्’ होऊन सगळं गप्प झालं, यावर पुढचा शनिवार-रविवार कसा जाणार ते ठरतं. मोकळी फिरली तर मोटर ठणठणीत आहे, फक्त तिचा पिनियन, म्हणजे टोकाचं छोटं दातेरी चाक, पुढे सरकत नाही. सलग टकटक म्हणजे बहुधा बॅटरी उतरलेली. एकच ‘टक्’ झाला तर जाणता मालक हेडलाइट लावतो आणि समोरच्या भिंतीवरच्या उजेडाकडे बघत पुन्हा चावी फिरवतो. उजेड तसाच राहिला तर वीज वाटेतच कुठेतरी अडली आहे. उजेड पिवळा पडून मरगळला, तर वीज मोटरीपर्यंत पोचली आहे, मोटर ती भरभरून पितेही आहे आणि तरी जागची हलत नाही. स्टार्टर मोटर, म्हणजे आपल्या मेकॅनिकांचा सेल्फ, इंजिनाच्या चाकात दात रुतवून बसला आहे.

साठच्या दशकातल्या एमजीबीच्या मालकांना ही उजेडाची परीक्षा पाठ असते. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार इंग्लंडमध्ये ॲबिंग्डन इथे बनत होती. टेम्सकाठचं हे गाव. कारखान्याची जागा मूळची चामड्याच्या कारखान्याची, एमजी कंपनीने ती १९२९ मध्ये घेतली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त अटलांटिकपार गेल्या. स्पोर्ट्‌स कार म्हटल्यावर जी धडकी भरायला हवी ती हिच्यात नाही. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ९५ अश्वशक्ती, आणि पाय पूर्ण दाबून धरला तर ताशी शंभर मैलांच्या जरा वर वेग. वेगाच्या बाबतीत आजची साधी हॅचबॅकही हिला हार जाणार नाही.

तरी ही गाडी टिकली, कारण ती घरी दुरुस्त होते. हिचे सुटे भाग आजही मिळतात. कॅलिफोर्नियातलं मॉस मोटर्स हे दुकान १९४८ पासून ब्रिटिश गाड्यांचे भाग विकतं आहे; इंग्लंडात एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून आहे. १९८८ मध्ये तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ साच्यांवरून एमजीबीची अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. कारखाना बंद होऊन आठ वर्षं झाल्यावर! इंग्लंडात घराला लागून असलेलं गॅरेज जुन्या, लहान गाड्यांच्या मापाचं. आजची गाडी आत घातली तर दार उघडून माणूस बाहेर येत नाही. एमजीबीची रुंदी जेमतेम १५२ सेंटिमीटर. ती आत मावते, आणि बाजूने कुशीवर वळून खाली शिरायलाही जागा उरते.

आता सेल्फ का अडकतो ते. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं आणि त्याच्या कडेवर दात्यांची पोलादी कडी, म्हणजे रिंग गियर, तापवून चढवलेली असते. सेल्फच्या शाफ्टवर एक छोटा पिनियन. सेल्फ फिरला की पिनियनने रिंग गियरमध्ये दात घालायचे, इंजिनाला फिरवायचं, आणि इंजिन पेटताच मुकाट मागे यायचं. हे मागे येणं फार महत्त्वाचं. पिनियनच्या दहा-बारा फेऱ्यांमागे इंजिनाची एक फेरी होते. पेटलेल्या इंजिनाने पिनियनला आपल्यासोबत ओढत नेलं तर तोच हिशेब उलटा लागून सेल्फच्या आतल्या गुंडाळ्यांच्या चिंध्या होतील.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत लुकास कंपनीचा एम ४१८ जी हा सेल्फ असे. त्यात ही पुढे-मागे करण्याची करामत कुठल्याही लिव्हरशिवाय होते. पिनियन ज्या नळीवर बसतो तिच्यावर रुंद आटे कापलेले असतात. चावी फिरवली की मोटर झटक्यात फिरते, पण पिनियन जडत्वामुळे आहे तिथेच राहू पाहतो. नळी त्याच्या आतून फिरते, तो आट्यांवरून पुढे ढकलला जातो आणि धाडकन रिंग गियरमध्ये शिरतो. धक्का सोसायला एक जाड स्प्रिंग असते. इंजिन पेटलं की रिंग गियर पिनियनला शाफ्टपेक्षा जास्त वेगाने फिरवतो आणि त्याच आट्यांवरून तो उलटा माघारी येतो. व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकी संशोधकाची ही युक्ती १९१४ च्या सुमारास शेव्हर्लेच्या गाडीत आली आणि अर्धं शतक निवांत चालली.

स्वस्त, हुशार आणि जरा आडदांड. ‘धाडकन’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा, कारण दर वेळी पोलादाच्या कडा पोलादावर आपटतात. वर्षानुवर्षांच्या आपटण्याने दात्यांची टोकं चेपतात, त्यांना कंगोरे येतात, आणि एखाद्या सकाळी पिनियन अर्धाच आत शिरून पाचरीसारखा घट्ट बसतो. त्यात भर घालायला तेल आहेच. सुरुवातीच्या एमजीबीचं इंजिन तीन बेअरिंगांचं. त्याच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतं. तेल परत आत ढकलायला शाफ्टवरच एक मळसूत्री खाच कापलेली, तिच्या भरवशावर सगळा कारभार. खाच आपलं काम करते, पण सरकारी नळासारखं, थोडं ठिबकत ठेवून. ते तेल आणि क्लचच्या पट्ट्यांचा भुगा एकत्र आला की काळा, चिकट लेप तयार होतो आणि नेमका पिनियनच्या नळीवर जाऊन बसतो. जिथे सगळं कोरडं आणि स्वच्छ हवं, तिथेच तो. मग पिनियन कधी पुढे सरकत नाही, कधी मागे येत नाही.

अडकलेल्या सेल्फवर चावी फिरवत बसण्यासारखा घातक प्रकार दुसरा नाही. मोटर फिरू लागली की तिच्यातच उलट दिशेचा विद्युतदाब तयार होतो आणि तो बॅटरीला आवर घालतो. मोटर थांबलेली असली तर आवर घालायला कोणीच नाही. म्हणजे सेल्फ जेव्हा काहीच काम करत नसतो तेव्हा तो सर्वांत जास्त वीज खातो: चारशेहून अधिक अँपिअर. काही सेकंदांत तारा तापतात, थोड्याच वेळात वास येतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च वेगळ्याच आकड्यात जातो.

खरं तर सेल्फ ही मोटर जन्मापासूनच अतिभाराची. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी संशोधकाने ओहायोतल्या डेटनमध्ये १९११ मध्ये ती कॅडिलॅकसाठी तयार केली. तोपर्यंत इंजिन फिरवायचं ते समोरून हँडल मारून. इंजिनाने उलटी लाथ मारली की मनगट, जबडा, जे आडवं येईल ते मोडायचं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, हा धडा ज्याने एकदा अंगठा मोडून घेतला त्याला वेगळा शिकवावा लागत नसे. इंजिन फिरवायला लागणारी विजेची मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल, असं तेव्हाचे जाणकार म्हणत. केटरिंगने त्याआधी दुकानांतल्या गल्लापेट्यांसाठी विजेची मोटर बनवली होती. गल्ला उघडायला क्षणभराचाच जोर लागतो, तेव्हा लहान मोटरीवर क्षणभर भलताच भार टाकला तरी ती तग धरते, हे त्याला त्या कामातून कळलं होतं. तेच गणित त्याने इंजिनाला लावलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला, आणि त्या क्षणभराच्या हिशेबावरच तो आजवर चालत आला आहे. पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ दाबू नका, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं ते त्यामुळे.

लुकासबद्दल मोटारींच्या जगात विनोदांची कमी नाही. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकासला, म्हणजे पर्यायाने त्याच्या कंपनीला, ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी मिळालेली आहे, आणि इंग्रज कोमट बिअर का पितात याचं उत्तर ‘त्यांचे फ्रिज लुकासचे असतात’ असं आहे. विनोद चांगले आहेत, पण या सेल्फच्या बाबतीत लुकासवर थोडा अन्याय होतो. एम ४१८ जीच्या पुढच्या टोकाला पत्र्याची एक छोटी टोपी असते, नुसती दाबून बसवलेली. ती स्क्रूड्रायव्हरने उचकटली की आत शाफ्टचं टोक दिसतं. गोल नाही, चौकोनी. त्यावर पाना लावून शाफ्ट हाताने फिरवायचा. रुतलेला पिनियन बहुतेक वेळा एवढ्यानेच निसटतो. ते टोक चौकोनी करायला कारखान्यात एक काम वाढलं असणार, टोपीचा खर्च झाला असणार. आपला माल अडकणार आहे हे बनवणाऱ्याने आधीच मान्य केलं आणि मालकाच्या हाताला जागा ठेवली. गॅरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत हात झटकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पाना नसेल तर दुसरा उपाय: इग्निशन बंद, गाडी टॉप गियरमध्ये, आणि बाहेर उतरून ती पुढे-मागे हलवायची. चाकं इंजिनाला किंचित फिरवतात, आणि दाते सुटले की खण्‌कन आवाज येतो. या उपायाला ॲबिंग्डनचं पुस्तक लागत नाही. कोकणच्या घाटात बंद पडलेल्या ॲम्बेसेडरचा ड्रायव्हरही हेच करी.

आणि ॲम्बेसेडरचं नाव इथे उगाच आलेलं नाही. एमजीबीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आधीच्या एमजीए या गाडीत होतं, आणि तेच हिंदुस्थान मोटर्सने १९५९ च्या सुमारास ॲम्बेसेडरमध्ये बसवलं. म्हणजे इंग्लंडात रविवारी टोपी घालून फिरायला नेली जाणारी स्पोर्ट्‌स कार आणि आपल्याकडे एकेकाळी आमदाराला मुंबईला पोचवणारी पांढरी गाडी ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं. डिस्ट्रिब्युटर, ऑइल फिल्टर आणि सेल्फ इंजिनाच्या एका बाजूला, कार्बोरेटर आणि सायलेन्सरचा पाइप दुसऱ्या, हे दोघांतही तसंच. सेल्फचं नातं तर आणखी जवळचं. लुकासने टीव्हीएस घराण्याशी भागीदारी करून साठच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासजवळ पाडीला कारखाना काढला, आणि लुकास-टीव्हीएसचे सेल्फ भारतभरच्या गाड्यांना लागले. पुण्याच्या नाना पेठेत ‘बेंडिक्स’ आणि ‘कार्बन’ मागितले की दुकानदार गाडीचं नाव विचारतो, अर्थ विचारत नाही.

फरक आहे तो पुढच्या पायरीचा. आपल्याकडे सेल्फ काढायचा तो मेकॅनिकाने, आणि मालकाने शेजारी उभं राहून चहा मागवायचा. इंग्लंड-अमेरिकेत मेकॅनिकाच्या तासाचा दर असा, की वीकेंडच्या गाडीसाठी मालक स्वतःच जमिनीवर आडवा होतो. पैसे वाचतात हे खरं, पण ते कारण पुढे करणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये. वाचलेल्या पैशांच्या दुपटीची हत्यारं आधीच भिंतीवर टांगलेली असतात.

पाना लावूनही सुटला नाही, किंवा दर आठवड्याला अडकायला लागला, की सेल्फ बाहेर काढावाच लागतो. पहिलं काम बॅटरीचं, आणि तिथेच सुरुवातीची एमजीबी माणसाची गंमत करते. बॉनेट उघडलं तर बॅटरी नाही. ती आहे सीटच्या मागे, मधल्या पत्र्याखाली. आणि एक नाही, दोन. सहा-सहा व्होल्टच्या, एकमेकींना जोडून बारा केलेल्या. पत्र्याचं झाकण उघडून आत वाकायचं. बॅटरी काढताना आधी मायनस काढायचा, असं सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॉडीला जोडलेलं टोक प्लस आहे. नियमाचा खरा अर्थ ‘आधी बॉडीचं टोक काढा’ असा आहे, कारण दुसऱ्या टोकावर पाना असताना तो बॉडीला टेकला तर ठिणग्यांची आतषबाजी होते. मायनस पाठ केलेला माणूस या गाडीत नेमकं उलटं करतो.

मग गाडी उचलायची. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणाऱ्या माणसाशी मैत्री करू नये. गाडी नऊशे किलोंच्या वरची आहे, आणि जॅकचं तेल कधी उतरेल ते जॅकलाही माहीत नसतं. खाली घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची, मग शिरायचं.

सेल्फला दोनच बोल्ट. खालचा खालून सापडतो, थोड्या कुरकुरीनंतर निघतो. वरचा बोल्ट ही या कामाची खरी गोष्ट आहे. तो इंजिन आणि गियरबॉक्स जिथे जुळतात तिथे, सेल्फच्या मागच्या अंगाला बसलेला असतो. वरून बघितलं तर डिस्ट्रिब्युटर आणि वायरी आड येतात, पुढून ऑइल फिल्टरचा डबा. इंग्लंडातल्या गाडीत स्टिअरिंगचा दांडाही त्याच बाजूने खाली उतरतो; अमेरिकी गाडीत तो पलीकडे, म्हणून अमेरिकी मालकाचा हात थोडा जास्त आत जातो. एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या, आणि त्या ज्या देशात बनल्या त्याच देशातल्या माणसाला जास्त त्रास!

बोल्ट दिसत नाही, तेव्हा तो हाताने वाचायचा. तर्जनी सेल्फच्या अंगावरून मागे सरकवत न्यायची. आधी गुळगुळीत पत्रा लागतो, मग गियरबॉक्सच्या ॲल्युमिनियमची खरबरीत कड, मग चिकट काळा थर, आणि त्या थराखाली सहा कोन. काही जण मोबाइल आत घालून फोटो काढतात. फोटोत भलत्याच बोल्टाचं डोकं येतं. शेवटी गोटी पाना, त्याला लांब एक्स्टेन्शन, मध्ये एक युनिव्हर्सल जॉइंट, अशी सगळी जोडाजोड डोळे मिटून त्या डोक्यावर बसवावी लागते. डोळे मिटले की हात जास्त नीट काम करतो, हे अनेक जण मान्य करतील. डिस्ट्रिब्युटर आधीच काढून ठेवणारेही आहेत. पुन्हा बसवताना त्याची वेळ जुळवत बसावी लागते, पण रक्त कमी सांडतं.

पाना कुठला, हाही प्रश्न असतोच. एमजीबी इंचांच्या जगातली. ३/८ इंची बोल्टाच्या डोक्याला ९/१६ चा पाना लागतो, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. आजच्या पेटीतला १४ चा पाना त्यावर चढत नाही, आणि १५ चा सैल बसतो. ‘जरा सैल आहे, चालेल’ असं म्हणून जोर लावला की सहा कोनांचा गोल होतो. साठ वर्षं गप्प बसलेल्या बोल्टाला तेवढंच निमित्त हवं असतं.

बोल्ट गंजून बसला असेल तर घाई करणारा हरतो. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं घर यांच्यात ओल शिरली की दोन धातूंची आपसात बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने फुगतं. डब्ल्यूडी-४० मारून लगेच पाना ओढणाऱ्यांनी त्या डब्याचं नाव लक्षात घ्यावं. १९५३ मध्ये सान दिएगोतल्या कंपनीने ते बनवलं ते पाणी हटवण्यासाठी, म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’साठी. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं, म्हणून ४०. ते तेलकट आहे, उपयोगीही आहे, पण घट्ट बसलेल्या आट्यांत शिरणं हे त्याचं मूळ काम नव्हे. त्यासाठी वेगळी पातळ तेलं मिळतात, आणि त्यांनाही रात्रभर वेळ द्यावा लागतो. सकाळी बोल्ट आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. आवळण्याच्या दिशेने केसभर हलला तरी गंजाचा थर तुटतो. इथे एक विचित्र न्याय आहे. ज्या गाडीचं तेल सर्वांत जास्त गळतं तिचे बोल्ट सर्वांत सहज सुटतात. पिनियन चिकटवणारा तो काळा लेप बोल्टांना वर्षानुवर्षं गंजापासून वाचवत आलेला असतो.

दोन्ही बोल्ट निघाले तरी सेल्फ कित्येकदा हलत नाही. त्याचं तोंड गियरबॉक्सच्या घराला पाडलेल्या गोल भोकात नेमकं बसलेलं असतं, आणि पिनियन अजून रिंग गियरमध्ये रुतलेला असला तर मागून तो धरून ठेवतो. चौकोनी टोकावर पुन्हा पाना, थोडं इकडे, थोडं तिकडे. लाकडाचा तुकडा मध्ये धरून हातोडीचे हलके ठोके. ‘टामीने दोन ठोके मार’ हा आपल्याकडचा सल्लाही जुन्या सेल्फच्या बाबतीत शहाणपणाचा आहे: आत चुंबकाच्या जागी तांब्याच्या गुंडाळ्या आहेत, आणि ठोक्याने अडकलेले कार्बन, म्हणजे मोटरीला वीज पोचवणारे ब्रश, मोकळे होतात. आजच्या सेल्फवर तो प्रयोग करू नये. त्यांच्यात कवचाला चिकटवलेले चुंबक असतात आणि ते ठोक्याने तडकतात. सेल्फ सुटला की मग भूमितीचा पेपर: तो पुढे घ्यायचा, फिरवायचा, ऑइल फिल्टरच्या खालून की वरून काढायचा ते बघायचं. एका वाटेने तो अजिबात निघत नाही, आणि तीच वाट प्रत्येक जण आधी धरतो.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवलेला सेल्फ गाडीतल्यापेक्षा मोठा दिसतो. कवचावरची पट्टी सरकवली की आत चार कार्बन दिसतात. झिजून आखूड झाले असतील तर बदलायचे. ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर पेट्रोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसायचा. पिनियनची नळी रॉकेलने धुवायची, आटे दिसेपर्यंत. आणि मग तिला तेल लावायचं नाही. हा मोह फार जणांना होतो, कारण सरकणाऱ्या वस्तूला तेल लावायचं हे हाडीमांसी मुरलेलं असतं. इथे तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. पुस्तकंही स्वच्छ आणि कोरडंच ठेवायला सांगतात. तपासायला बॅटरी जोडायची तर सेल्फ आधी शिकंज्यात घट्ट पकडायचा, नाहीतर पहिल्या झटक्याला तो टेबलावरून उडी मारतो. आणि फार वेळ मोकळा फिरू द्यायचा नाही. भार नसला की या जातीच्या मोटरीचा वेग वाढतच जातो.

सेल्फ बाहेर असताना आणखी एक काम करून घ्यावं. तो निघाल्यावर जे भोक उरतं त्यातून टॉर्चचा उजेड आत टाकायचा आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवत रिंग गियरचे दाते बघायचे. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कुठेही थांबत नाही. कुठल्यातरी सिलिंडरमधल्या दाबापाशी येऊन अडतं, आणि त्या हिशेबाने फ्लायव्हील जवळजवळ नेहमी समोरासमोरच्या दोन जागांपैकी एका जागी थांबतं. म्हणून सेल्फचा मार अख्ख्या कडीला बसत नाही, त्याच दोन ठिकाणच्या मोजक्या दात्यांना बसतो. बाकीचे दाते १९६५ चे असून कोरे करकरीत, आणि हे दोन घोळके चेपलेले, तुटके, एका बाजूला कंगोरे आलेले. सेल्फ अडकण्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

आणि इथे मालक थबकतो. रिंग गियर बदलायचा तर फ्लायव्हील काढावं लागतं, आणि एमजीबीत त्यासाठी इंजिन बाहेर घ्यावं लागतं. म्हणजे क्रेन भाड्याने आणा, रेडिएटर काढा, पाणी, तेल, पाइप, वायरी सोडा. शिवाय नवी कडी भट्टीत तापवून चढवायची. दुसरा मार्ग पैशांचा: आतच गियर बसवलेला, लहान, हलका आधुनिक सेल्फ घ्यायचा. तो इंजिन जोरात फिरवतो आणि आपटत शिरत नाही. शुद्धतावादी मंडळी त्याच्या आवाजाला नाकं मुरडतात. एमजीनेच १९६७ च्या शेवटी, दुसऱ्या आवृत्तीत, आधी पिनियन सरकवून मग मोटर फिरवणारा सेल्फ आणला, पण त्याचा रिंग गियर वेगळा असल्यामुळे जुन्या गाडीला तो उचलून लावता येत नाही. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस आणली तेव्हा तिच्यात निराळा सेल्फच ठेवला नाही. एरवी जनरेटरचं काम करणारी मोटरच इंजिनही फिरवते. अडकायला पुढे-मागे सरकणारा पिनियनच नाही, आणि घरी उघडण्याचा प्रश्नही नाही.

बहुतेक मालक तिसरा मार्ग धरतात. कानशीने हात पोचेल तेवढे कंगोरे घासतात, धुतलेला सेल्फ परत बसवतात, दोन्ही बोल्ट नीट आवळतात, कारण बोल्ट सैल राहिले तरी पिनियन वाकडा शिरून अडकतो. वरचा बोल्ट बसवायला काढण्याच्या दुप्पट वेळ लागतो; तो निदान एकदा तरी हातातून निसटून इंजिनाखाली अशा जागी जातो, की लोहचुंबकाची काठी आणावी लागते. बॅटरी जोडताना बॉडीचं टोक शेवटी. चावी फिरते, सेल्फ आपल्या जुन्या सवयीने धाडकन आत शिरतो, इंजिन पेटतं. तेलगळती तशीच असते, कारण तिच्यासाठीही इंजिनच काढावं लागतं. आणि इंजिन काढलं की रिंग गियर बदलावा, रिंग गियर बदलताना क्लच बदलावा, क्लचपर्यंत गेलोच आहोत तर बेअरिंगं बघावीत. म्हणून ते सगळं येत्या हिवाळ्यावर टाकलं जातं. गेल्या हिवाळ्यातही ते येत्या हिवाळ्यावरच टाकलेलं होतं.